केसांपायी झालेली तेरवी

बसा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना आजही माझी मान वर होत नाही.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा होत होता. जिकडे पाहाल तिकडे लोखंड आणि लाल धूळ. मी गोंदियाकडचा, धानाच्या बांधीतून उठून आलेला पोरगा. लोखंडी खांब वर चढवणाऱ्या टोळीत खलाशी, म्हणजे दोर-साखळ्या ओढणारा गडी. सुट्टी झाली की खोलीवर जाऊन डोक्यावरचा कामाचा टोप काढायचो, तर टोपात केस! टाळूवर हात फिरवला की गुळगुळीत लागायचं. अन् वय काय? लग्नाचं!

तेच तर दुखणं होतं. टोळीतल्या सदाशिवमामांच्या मनात त्यांच्या भाचीसाठी, यशोदेसाठी, मी भरलो होतो. ती त्यांच्याच घरी राहायची. नळावर दिसली की माझ्याकडे पाहून हसायची. पण टोप घातलेल्या माझ्याकडे! महिन्याभरात बाबा गावाहून येणार, पोरगी पाहायचा कार्यक्रम होणार. तिथे काय टोप घालून बसू?

जवळच्या सुपेला बाजारातल्या न्हाव्याला डोकं दाखवलं. छत्तीसगढी गडी, मोठ्या भरवशाने म्हणाला, "एक बेर मुंडवा ले भइया, धान असन जामही!"

धानासारखे उगवतील! शेतकऱ्याच्या पोराला आणखी काय पाहिजे? सगळं डोस्कं भादरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीला टोप काढला. समोर मामा. त्यांच्या हातातली बिडी खाली पडली.

"अरे पोरा… बाबा गेले? अन् मले सांगतलं नाई?"

तरणा माणूस असं डोस्कं भादरतो ते बाप गेल्यावर, हे मला काय माहीत नव्हतं? पण केसांच्या नादात सुचलंच नाही! नाही म्हणावं, तर केसांचं सांगावं लागतं. अन् टकल्याला पोरगी कोण देईल? मी मान खाली घातली. मामा मला छातीशी धरून रडू लागले. काय करता? मीही रडलो!

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. मी गावी कसा गेलो नाही, तर निरोपच उशिरा मिळाला असेल, असं लोकांनीच ठरवलं. मुकादम म्हणाला, "आज ऊपर मत चढ, बेटा." शेजारच्या काकू वरण-भात घेऊन आल्या, सुतकात चूल कशी पेटवायची म्हणून. मी जेवत होतो, तेवढ्यात मामा आले.

"बाबू, आता सालभर तुह्या घरी लग्न नाई होत. पोरीले किती थांबवू? तिच्या बापाले दुसरं स्थळ पाहाले सांगतो."

मी ताट बाजूला सारलं. जिच्यापायी डोकं भादरलं, तीच चालली!

आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. तोवर मामांनी आपल्याच अंगणात तेरवीचं जेवण मांडलं. परमुलखात पोराला कोण आहे म्हणून!

पंगत बसली, भात वाढला, अन् धोतर सावरत आत कोण आलं? बाबा! गावाकडे जाणाऱ्या माणसासोबत मामांनी माझ्या आईसाठी सांत्वनाचा निरोप धाडला होता. तो ओट्यावर बसलेल्या बाबांनीच ऐकला होता.

"रामराम मंडळी," बाबा म्हणाले, "मी कायनं मेलो, तेवढं पुसाले आलो."

मामांच्या हातातून वरणाची बादली सुटता सुटता राहिली. "मंग डोस्कं कावून भादरलं बे?"

सांगितलं. भरल्या पंगतीत सगळं सांगितलं. कोणी हसेल तर बरं, असं वाटत होतं. पण कोणी हसेना. धरणी फाटेल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या पडद्यामागून यशोदेचा आवाज आला.

"मामा, त्यायले पुसा ना. केसापायी बाप मारला. उद्या दात पडले तं कोनाले मारतीन?"

पंगत काय हसली म्हणता! सगळ्यात जास्त बाबा हसले. मग खाली बसले अन् स्वतःच्या तेरवीचा भात दोनदा मागून घेतला.

लग्न झालं आमचं, त्याच यशोदेशी. परवा माझा पुढचा दात पडला. मी मोठ्या प्रेमाने तिला चहा करून दिला.

तिने पहिला घोट मला प्यायला लावला.