अंतराळात निघालेली रिकामी पिशवी

शिलाईच्या कारखान्यात किस्से चिंध्यांसारखे साचतात. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी मशीनखाली पुन्हा ढीग! त्यातून आमच्या सोलापूरच्या युनिटला अंतराळ स्थानकात सामान नेणाऱ्या यानासाठी पिशव्या शिवायची ट्रायल ऑर्डर मिळाली, आणि मग विचारूच नका. मी तिथला सुपरवायझर.

*

यानात माणूस नसतो, ते आपलं आपण जातं, असं मी सांगितलं तेव्हा कटिंग मास्तर मेहबूबभाईंची कात्री थांबली.

"मग वाटेत सात रस्त्यासारखा चौक लागला, तर कुटं वळायचं ते कोन विचारनार?"

*

पिशव्यांचे पट्टे तपासले नरसक्कांनी, आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या शिलाईवाल्या. मेहबूबभाईंना पिशवीत बसवून चौघींनी उचललं. बेंगळुरूहून आलेले इन्स्पेक्टर साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, वर वजनच नसतं."

"मग पट्टा कशाला लावाय सांगितला?"

"सामान तरंगत जाऊ नये, म्हणून बांधायला."

"असं व्हय. शेरडू बांधल्यावानी."

मग साहेबांनी एकेक पिशवी काट्यावर ठेवून ग्रॅम लिहून घेतले. नरसक्का माझ्याकडे बघतच राहिल्या.

*

आठवड्याने साहेबांचा फोन. नमस्कारसुद्धा नाही. "तुमच्या सगळ्या पिशव्यांत साखर निघाली!"

वर स्थानकात साखरेचा कण तरंगत डोळ्यात जातो, यंत्रात जातो. लॉट परत आला. पुन्हा चूक झाली तर ऑर्डर रद्द, आणि वीस बायकांचं काम गेलं.

नरसक्का मान खाली घालून म्हणाल्या, "रिकामी पिशवी परक्याच्या घरी कशी धाडायची, सर? चिमूटभरच घातली की."

रविवारी सगळ्याजणी आल्या. शिवण उसवली, कापड झटकलं, पुन्हा शिवलं. लॉट पास झाला.

*

आमच्या पिशव्या नेणारं यान स्थानकाला जोडलं गेलं ते आम्ही जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पाहिलं. मी आनंदाने ओरडलोच! नरसक्का रडत होत्या. सामान उतरवल्यावर यानात कचरा भरून सोडतात आणि ते परतीच्या वाटेतच जळून जातं, हेही मी त्यांना सांगून टाकलं.

त्यांनी डोळे पुसले. "रिकामं धाडत न्हाईत न्हवं? मग झालं."

*

पुढच्या ऑर्डरच्या वेळी साहेबांनी आमची नमुन्याची पिशवी कुरिअरने परत पाठवली. नरसक्कांनीच ती उघडली. आत साखरेची पुडी होती. चारी बाजूंनी टेप लावलेली, आणि वर पेनाने लिहिलेलं: दहा ग्रॅम.