सावकाश सायकलची शर्यत

फुकट म्हटलं की हल्ली लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. माझं निम्मं बालपण फुकटात पार पडलंय आणि त्यात काही कमी होतं असं मला आठवत नाही.

तेव्हा आमच्या गावाच्या पाट्यांवर उस्मानाबाद लिहिलेलं असायचं. दुपारी गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा गेली की आम्ही पोरं तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावायचो. ‘संध्याकाळी सहा वाजता, शाळेच्या पटांगणावर, प्रवेश विनामूल्य!’ विनामूल्य हा शब्द मी पुस्तकातून शिकले नाही, त्या भोंग्यातून शिकले. व्याख्यान आहे, भजन आहे की जादूचे प्रयोग, हे विचारायचं कुणाला सुचत नसे. घरातलं धुतलेलं पोतं काखेत मारायचं आणि जागा धरायला पळायचं. पोतं अंथरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले की ती जागा आपली. मग घरी जाऊन चहा प्या, अभ्यास करा, भांडणं करा, दोन तासांनी या. पोतं जिथल्या तिथं. दुसऱ्याचं पोतं हलवणाऱ्याला गल्लीत तोंड दाखवायची सोय नसे. आज मी नाट्यगृहात खुर्चीवर रुमाल टाकून पाणी प्यायला जाते आणि परत येईपर्यंत रुमाल शेवटच्या रांगेत गेलेला असतो.

उरूस असायचा, त्यात संध्याकाळी कव्वाली. जत्रेतल्या कुस्त्या असायच्या. पण आमच्या घरात सगळ्यांत जास्त कौतुक झालं ते एका सायकलवाल्याचं. हा माणूस कुठून तरी आला होता आणि सात दिवस सायकलवरून खाली उतरणार नव्हता. मैदानात गोल गोल फिरत तो जेवला, दाढी केली, डोक्यावरून बादलीभर पाणी ओतून आंघोळही केली. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, रोज कचेरी सुटली की तिथं जाऊन उभे राहायचे. मला वाटायचं, ते त्याची आंघोळ बघायला जातात. पण ते त्याचा वेग बघत होते.

“जोरात कुनीबी चालवल,” ते मला म्हणाले. “हळू चालवायला कंबर लागती.”

अण्णा सरकारी कचेरीत शिपाई होते. दिवसभर काळ्या सायकलवरून टपाल वाटायचे. पाकीट कुणाच्या दारात द्यायचं असेल तर घंटी वाजवायची, सायकल जवळजवळ थांबवायची, पण पाय खाली टेकवायचा नाही. समोरच्याच्या हातात पाकीट ठेवायचं आणि तसंच पुढं. पाय टेकवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता. दुसरा कसला गर्व करावा असं त्यांच्याजवळ फारसं नव्हतंच, असं आई म्हणायची आणि वर त्यांच्याच ताटात जास्तीची भाकरी टाकायची.

तर आमच्या गल्लीच्या गणपतीत दरवर्षी दुपारच्या स्पर्धा असायच्या. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, पोत्यातली शर्यत आणि शेवटी मोठ्या माणसांसाठी सावकाश सायकल. चुन्याच्या फक्कीच्या दोन रेघा मारायच्या, मध्ये साधारण पन्नास पावलांचं अंतर. सगळ्यांनी एकदम निघायचं आणि जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो जिंकला. पाय टेकला की बाद. इतकी उलटी शर्यत दुसरी कुठली नसेल. अण्णांसाठी मात्र ती सरळच होती.

मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी बक्षीस होतं स्टीलची कळशी. आईनं ती मांडवात टेबलावर ठेवलेली पाहिली आणि घरी येऊन अण्णांना एवढंच म्हणाली, “चांगली जड हाय.” नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं ते गाव आमचं. जड कळशीची किंमत तिथं कुणाला सांगावी लागत नव्हती. अण्णांनी त्या दिवशी सायकलला दोनदा तेल दिलं.

मी दुपारीच जाऊन शेवटच्या रेघेला लागून पोतं अंथरलं होतं. शर्यत सुरू झाली. दहा-बाराजण होते. भराभर बाद होत गेले. कुणी तोल जाऊन पडलं, कुणाच्या सायकली एकमेकींत अडकल्या. राहिले दोघं. एक आमच्या गल्लीतले शिंपीकाका आणि दुसरे अण्णा. शिंपीकाका चार पावलं पुढं होते, अण्णा त्यांच्या मागे. हँडल किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे. चाक फिरतंय की नाही ते कळत नव्हतं. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते.

आता, मला नियम माहीत होता. मी काही बावळट नव्हते. पण आपला बाप सगळ्यांच्या मागे पडलाय, लोक हसतायत आणि तो हलायचं नाव घेत नाही, हे नऊ वर्षांच्या पोरीला बघवत नाही. मी पोत्यावर उभी राहून जीव खाऊन ओरडले, “अवो अण्णा, लवकर या की!”

अण्णांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. आणि पायडल मारलं.

शिंपीकाकांना मागे टाकून ते सरळ रेघ ओलांडून माझ्यापुढे येऊन थांबले. मैदानात असा हशा उठला की मांडवातले भटजी बाहेर आले. कुणीतरी विचारलं, “काय ओ, हे काय केलं?” अण्णा म्हणाले, “पोरगी बोलवायली, म्हणून आलो.”

कळशी शिंपीकाकांच्या घरी गेली. आणि तिथंच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण नळाच्या रांगेत शिंपीकाकू आईच्या पुढे असायच्या. पुढची दोन वर्षं आई त्या कळशीमागे उभी राहिली. मला टोमणे मारायची संधी तिनं एकदाही सोडली नाही. “घसा हाय का भोंगा?” हे तर मला रोजच्या जेवणात चटणीसारखं वाढलं जायचं. अण्णा मात्र कधीच काही बोलले नाहीत. त्यांनी पुढच्या वर्षी शर्यतीत नाव दिलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी द्यायचं म्हणाले, तेव्हा त्यांची भूमला बदली झाली. आम्ही परत आलो तोवर गल्लीच्या गणपतीत आरत्यांपेक्षा स्पीकर मोठे झाले होते आणि सावकाश सायकल कुणाच्या ध्यानातही नव्हती. त्यांच्या तोंडाशी आलेला घास मी हिरावून घेतला, असं मला वाटत राहिलं. मोठी झाले, शाळेत बाई झाले, वर्गातल्या चाळीस पोरांना ‘तोंडावर बोट’ म्हणू लागले, तरी मैदानावर खेळ सुरू झाले की मी ओरडत नाही. टाळ्या वाजवते.

यंदा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर गणेश मंडळाच्या पोरांनी कार्यक्रमांची यादी टाकली. मेंदी, पाककला, रील बनवा. आणि खाली, ‘जुन्या आठवणींसाठी: सावकाश सायकल, खुला गट, प्रवेश विनामूल्य.’ मी ती यादी अण्णांना वाचून दाखवायला नको होती. पण वाचली. सकाळी पेपर वाचून दाखवायची सवय आहे, त्या ओघात वाचली.

अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. आई जाऊन चार वर्षं झाली. एका कानानं अजिबात ऐकू येत नाही, दुसऱ्या कानात मशीन घालतात. गेल्या वर्षी बाजारातून येताना सायकलवरून पडले, मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. त्या दिवशी मी सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली मेथ्यांच्या डब्यात टाकली. ते मेथ्या खात नाहीत.

“किल्ली दे,” ते म्हणाले.

“न्हाय.”

“एकदाच. खाली मातीच हाय.”

“मातीवर पडलं तरी हाड मोडतं, अण्णा. तुम्हाला काय सिद्ध करायचंय या वयात?”

त्यांनी पेपरची घडी घातली. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं, भांडणात मी हरत नाही. पुन्हा पडले तर या खेपेला उठायचे नाहीत, ही माझी भीती होती, आणि ती उगाच नव्हती. आणि त्यांचं म्हणणंही स्वच्छ होतं: पायात थोडी ताकद आहे तोवर एकदा. पुढच्या वर्षी कुणी सांगावं.

रविवारी सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले तर अण्णा जिन्याखाली उकिडवे बसलेले. कुलूप लावलेल्या सायकलच्या चाकात पंपानं हवा भरत होते. मग फडक्यानं त्यांनी रिम पुसली, एकेक तार पुसली, घंटी एकदा वाजवून बघितली. मला पाहिलं तर ओशाळून म्हणाले, “हवा उतरती, नुसती उभी ऱ्हायली की.” वर्षभर दर रविवारी ते हे करत असणार. मला कळलंच नव्हतं. मी वर आले, मेथ्या ताटात ओतल्या आणि किल्ली शोधून त्यांच्या हातात दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी मेथ्यांनाच बोल लावला.

शर्यत दुपारी चारला होती. कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, पोतं कुणी आणलं नव्हतं. मी आणलं होतं. लोक हसले तर हसू देत. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून मी शेवटच्या रेघेला लागून बसले. नऊजण होते. गिअरच्या सायकलवरची कॉलेजची पोरं, एक बँकेतले साहेब, आठवीतली एक मुलगी आणि टोपी घातलेले अण्णा.

निघायच्या आधी अण्णा सायकल ढकलत माझ्याकडे आले. कानातलं मशीन काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

“हे धर,” म्हणाले. “आता वरड किती वरडायचं ते.”

इतक्या वर्षांत एक शब्द न बोललेला माणूस. मी तळहाताकडे बघत राहिले. म्हणजे त्यांच्याही ध्यानात होतं तर.

शिट्टी झाली. कॉलेजची पोरं पहिल्या दहा पावलांतच पाय टेकून मोकळी झाली. त्यांना सावकाश जाणं जमतच नाही, त्यात त्यांचा दोष नाही, कुणी शिकवलेलंच नाही. बँकेतले साहेब मोबाइल वाजला म्हणून बाद. उरली ती आठवीतली मुलगी आणि अण्णा. मुलगी चिवट होती. ती दोन पावलं पुढं, अण्णा मागे. हँडल किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे. त्यांचं डावं मनगट थरथरताना मला बसल्या जागेवरून दिसत होतं. मी जीव मुठीत धरला होता, त्याच मुठीत मशीन. सगळी कॉलनी ओरडत होती. मी तोंडावर बोट ठेवून बसले होते, खरोखरचं.

शेवटच्या रेघेपासून पंधरा-वीस पावलांवर मुलीचा तोल गेला आणि तिचा पाय टेकला. झालं. अण्णा जिंकले.

टाळ्या, शिट्ट्या. माईकवरचा मुलगा “आजोबा जिंकले, आजोबा थांबा!” म्हणून घसा फोडत होता. पण अण्णांना काय ऐकू येतंय! त्यांनी नजर चाकावरून हलवली नव्हती. ते तसेच, त्याच चालीनं, एकेक वीत पुढं येत राहिले. शर्यत संपल्याचं सगळ्यांना माहीत होतं, एक त्यांना सोडून. मुलं थांबवायला पुढं निघाली तर त्या आठवीतल्या मुलीनंच दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं. मग हळूहळू सगळे गप्प झाले. नुसता चेनचा करकर आवाज येत होता. कुणालाच घाई नव्हती.

आणि मला काय झालं कोण जाणे, मी पोत्यावर उभी राहिले. जिंकणं झालं होतं, आता मला फक्त ते माझ्याजवळ हवे होते, धडधाकट, पाय जमिनीवर. मी जीव खाऊन ओरडले, “अण्णा, लवकर या की!” पन्नाशीतली बाई, केस पिकलेले, अशी ओरडले की शेजारच्या काकूंनी कानांवर हात ठेवले.

अण्णा आपल्याच चालीनं आले. रेघ ओलांडली, पाय टेकवला, टोपी काढून घाम पुसला. मग मागे वळून बघितलं.

“मागं कोन ऱ्हायलंय अजून?”

मी मान हलवली. कुणीच नाही. ते मैदानाकडे बघत राहिले, रिकाम्या फक्कीच्या पट्ट्याकडे, आणि आपण जिंकलो हे हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. मी मशीन पुढं केलं. त्यांनी ते घेऊन कानात बसवलं.

“तोंड हलताना दिसलं तुजं,” ते म्हणाले. “काय वरडलीस?”

“लवकर या म्हणाले.”

“मग?” अण्णा सायकल माझ्याकडे देत म्हणाले, “आलो की.”