थांब्याची होडी

माझ्या दिराला सगळा धक्का थांब्या म्हणतो. तोंडावर म्हणतो, आणि तो मुकाट ओ देतो, याचाच मला जास्त राग येतो. आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव आहे त्याला, पण ते आता फक्त होडीच्या परवान्यावर उरलंय.

आमचा धक्का म्हणजे नदी डोंगराच्या चिरेतून बाहेर पडते ती जागा. दोन्हीकडे सरळसोट कडे आणि मधे हिरवं पाणी. सुट्टीत इथे बसच्या बस रिकाम्या होतात. कुणी झुलत्या पुलावर जाऊन किंचाळतं, कुणी कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढतं आणि खाली माझा जीव टांगणीला लावतं. पण खरी गर्दी होडीला. होडीने आत जायचं, धबधब्याखालच्या डोहात पाय सोडून बसायचं, भिजायचं, आणि कुडकुडत परत येऊन माझ्या टपरीवर चहा मागायचा. ‘मावशी, आलं जरा जास्त घाला.’ घालते. मोसमात माझी कंबर मोडते, पण सांगणार कुणाला? पोट त्याच्यावरच आहे.

धक्का आणि डोह यांच्या मधे एक जागा आहे, तिला आम्ही बोळ म्हणतो. तिथे कडे इतके जवळ येतात की एकच होडी जेमतेम जाते, आणि मधोमध आंधळं वळण आहे. इंजिन बंद करून वल्ह्यानेच जायचं, नाहीतर धडधडीने वरून दगड सुटतात. पद्धत साधी आहे. बोळात शिरणाऱ्याने तोंडाशी थांबून हाक द्यायची, ‘आत येतोय!’ आत कुणी असेल तर त्याने ओरडायचं, ‘थांब!’ मग बाहेरच्याने आतली होडी बाहेर येईपर्यंत गपगुमान थांबायचं. पुलाखाली ओरडलं तर आवाज फिरून परत येतो, पोरंबाळं खूश होतात. बोळात तसं नाही. तिथला शेवाळलेला दगड आवाज परत फिरू देत नाही, गिळून टाकतो. त्यामुळे तिथे उत्तर आलं की ते माणसाचंच.

माझा नवरा त्या बोळात गेला. भर दुपारी, लख्ख उन्हात. डोहावर ताटकळलेल्या लोकांना आणायला तो रिकामी होडी घेऊन वर निघाला होता, आणि माझा दीर भरलेली होडी घेऊन बोळातून खाली येत होता. वळणावर दोघे समोरासमोर आले. दिराच्या होडीतल्या लोकांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. माझ्या नवऱ्याचं डोकं कड्यावर आपटलं. त्याला धक्क्यावर आणलं तेव्हा कपाळावरचे ओले केस मीच बाजूला केले. तेव्हा उगाच कुणी म्हणू नये, की तो कुठेतरी असेल. तो नाही.

‘दादाने हाक दिली होती,’ माझा दीर चौकशीत सांगत राहिला, ‘आणि मी थांब म्हणून ओरडलो होतो.’ पण त्याच्या होडीतली मंडळी गाणी म्हणत टाळ्या पिटत होती. त्यांना विचारलं तर म्हणाली, नावाडी ओरडल्याचं काही आठवत नाही. झालं! माझ्या नवऱ्याचा धक्क्यावर दरारा होता. होडी हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो ‘थांब’ ऐकून आत शिरेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मग राहिलं काय? धाकट्याने उत्तरच दिलं नसणार. मेलेल्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही माणसाची, जिवंत असतो तो आयता सापडतो.

आधी तो भांडायचा. मग नुसतं सांगायचा. मग तेही सोडून दिलं. एकदा टपरीमागे माझ्यासाठी कांदा चिरत बसला होता, मधेच म्हणाला, ‘वहिनी, मी ओरडलो होतो ना गं?’

आता मी काय सांगणार, कपाळ? मी होते चुलीपाशी. ‘भाऊजी, कांदा बारीक चिरा,’ म्हटलं.

माणूस म्हणाल तर लाखात एक. टपरीमागे आमच्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत मी, बाहेरच्या खोलीत तो आणि होडीची ती नारिंगी जाकिटं. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधून वाळत घातलेली, कायम दमट, जेवताना डोक्याला लागतात. जाडी सुई घेऊन तो त्यांचे उसवलेले पट्टे शिवत बसतो. होडीत चढणाऱ्या प्रत्येक लेकराचा पट्टा स्वतः ओढून बघतो, आया वैतागतात तरी. माझे गुडघे धरले तेव्हा न बोलता उंच स्टूल आणून ठेवलं. लग्न कर म्हटलं की हसतो आणि जाकीट उलटं करून शिवायला लागतो.

पण त्याने ते थांबणं सुरू केलं. डोहावरून खाली येताना वळणाच्या अलीकडे होडी उभी करायची, मान तिरकी करून कान द्यायचा, आणि मग छाती फुटेस्तोवर ओरडायचं, ‘थांब, दादा, थांब! मी आत आहे!’ समोर चिटपाखरू नाही. मग बसून राहायचं. काही पर्यटकांना वाटायचं, हा खेळाचाच भाग आहे, ते टाळ्या वाजवायचे. काही जण मात्र उतरल्यावर चहा न घेताच बसमधे जाऊन बसायचे. मागच्या होड्या खोळंबायच्या, शिव्या पडायच्या. नाव पडलं थांब्या.

मी एकदा खडसावलं. म्हटलं, ‘काय लावलंय हे भाऊजी? जनाची नाही तर मनाची तरी?’

‘दादा हाक देतो गं,’ तो म्हणाला. ‘मग मी उत्तर नको देऊ?’

भाजीत मीठ घालू का, असं विचारावं, तितक्या साधेपणाने म्हणाला. पुढे विचारायची छाती झाली नाही.

यंदाच्या मोसमात होड्यांचा ठेकेदार आला. एरवी चहाशिवाय हलत नाही, त्या दिवशी कपाला हात लावला नाही. म्हणाला, ‘वहिनी, लोक त्याच्या होडीत बसायला कचरतात. आता एकदा जरी थांबला, तर होडी दुसऱ्याच्या ताब्यात देणार. मला बोल लावू नका.’

होडी गेली तर हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपेल आणि उठणार नाही, हे मला माझ्या हाताच्या रेषांइतकं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी टपरीवर ताडपत्री ओढली आणि जाकीट चढवून होडीत बसले. नवरा गेल्यापासून मी बोळात पाऊल टाकलं नव्हतं. दीर बघतच राहिला.

‘बघताय काय? मलाही सुट्टी हवी,’ मी म्हटलं. मनात ठरवलं होतं, थांबायला लागला की वल्हं हातातून काढून घ्यायचं. चारचौघांत कान धरावा लागला तरी चालेल.

जाताना सगळं ठीक होतं. बोळाच्या तोंडाशी त्याने हाक दिली, उत्तर आलं नाही, आम्ही आत शिरलो. ऊन वरच राहिलं. गारवा खालून, पाण्यातून वर यायला लागला. होडीत एक गॉगलवाली बाई होती, तिची अखंड बडबड चालली होती, तीही गप्प झाली. पुढे डोहावर पुन्हा ऊन, धबधबा, आरडाओरडा. लोक नाचले, भिजले, एकमेकांचे फोटो काढून झाले. मी नुसती दिराच्या तोंडाकडे बघत होते.

परतताना वळणाच्या अलीकडे त्याने वल्हं कड्याला टेकवलं. होडी उभी राहिली.

‘भाऊजी, चला,’ मी हळूच म्हटलं.

त्याने मान तिरकी केली. मला काही ऐकू आलं नाही. वरून पाण्याचे थेंब पडत होते तेवढेच. पण घरचं माणूस दारात आल्यावर उजळावा, तसा त्याचा चेहरा उजळला. मी वल्ह्याला हात घातला. त्याने ओरडायला श्वास आत घेतला. ओठ मिटलेलेच होते, मी शपथेवर सांगते, मी त्याच्या ओठांकडेच बघत होते.

‘थांब, दादा, थांब! मी आत आहे!’

आवाज त्याचाच. त्याच्याच जागेवरून आला. पण कोवळा होता, तेव्हाचा, आणि त्या आवाजामागे पुसटशा टाळ्या वाजत होत्या, पुष्कळ माणसं मिळून काहीतरी गात होती. आमच्या होडीत कुणी गात नव्हतं.

‘अहो, केवढ्याने ओरडता!’ गॉगलवाली दचकून म्हणाली. ‘सांगून तरी ओरडायचं.’

दीर तिच्याकडे वळला. ‘मी अजून ओरडलो नाही, ताई.’

बाईने गॉगल काढला. तिच्या नवऱ्याने तिचा हात घट्ट धरला. पण माझं तोंड कधी बंद पडत नाही.

‘तुम्ही ओरडला होतात,’ मी म्हटलं. ‘भाऊजी, मी ऐकलं आत्ता. टाळ्यांसकट ऐकलं. तुम्ही उत्तर दिलं होतं.’

मला वाटलं, तो रडेल. हसेल तरी. एवढी वर्षं उरावर घेतलेला दगड खाली पडला होता. पण त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि विचारलं, ‘मग दादा थांबला का नाही?’

याचं उत्तर साऱ्या जगात फक्त मला ठाऊक होतं, कारण त्या माणसाशी संसार मी केला होता. आमच्या घरात दारातून आधी माझा नवरा जायचा. अंघोळीचं पाणी आधी त्याचं. दोघे भाऊ अरुंद जिन्यावर समोरासमोर आले, की धाकटा परत खाली उतरायचा, हातात घागर असली तरी. कुणी सांगितलेलं नव्हतं, तसंच चालायचं. माझा नवरा दुष्ट नव्हता हो. पण धाकटा बाजूला होणारच, हे त्याने लहानपणापासून धरून ठेवलेलं होतं.

‘कारण आवाज तुमचा होता,’ मी म्हटलं. ‘दुसऱ्या कुणी थांब म्हटलं असतं, तर थांबला असता. तुम्ही होतात म्हणून शिरला. म्हणाला असेल, सरेल मागे.’

तो पाण्याकडे वळला. मग त्याने पुन्हा मान तिरकी केली. हाक पुन्हा आली असावी. या वेळी तो ताडकन उभा राहिला. भरल्या होडीत नावाड्याने उभं राहायचं नसतं, होडी डुचमळली, माणसं काठाला बिलगली. त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. असा रागावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

‘होडी भरलेली आहे माझी!’ तो गरजला. ‘माणसं आहेत हिच्यात! तू मागे हो, दादा! ऐकतोस का? या वेळी तू मागे हो!’

दगडाने तोही आवाज गिळला. एकदम शांत झालं. आणि मग वळणापलीकडून वल्हं पाण्यात उलटं पडल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा, सावकाश. होडी मागे घेताना येतो तसा. रिकाम्या होडीची कड कड्याला घासली. तो आवाज मीही ऐकला, गॉगलवालीनेही ऐकला, सगळ्यांनी ऐकला.

दीर खाली बसला आणि वल्हवू लागला. आम्ही वळण घेतलं, बोळातून बाहेर उन्हात आलो. समोर धक्क्यापर्यंत नुसतं मोकळं पाणी होतं.

‘ती दुसरी होडी कुठे गेली हो?’ गॉगलवालीने मला विचारलं.

माझ्या नवऱ्याने उभ्या जन्मात कुणासाठी होडी मागे घेतली नव्हती. मी पदराने डोळे पुसले आणि तिला म्हटलं, ‘धाकट्याला वाट दिली त्यांनी.’