जिथे फीत थांबली होती

देवाच्या नावानं चाललेल्या एका गोष्टीमुळे माझा देवावरचा भरवसा जवळजवळ सुटला होता, हे मी आजवर मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उभी राहून साक्षीत सांगितलेलं नाही. बायकांनी साक्ष देणं, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगणं, आमच्याकडे मध्यंतरी बंद झालं, ते अजून सुरू झालेलं नाही. म्हणून लिहून सांगते. लिहिण्याला अजून कोणी मनाई केलेली नाही.

दवनीवाड्याच्या बाजूला आमचं गाव आहे. मंडळी लहान, पत्र्याचं सभागृह, म्हातारे पाळकसाहेब. माझी आई घरोघरी जाऊन बायकांना वचन वाचून दाखवायची, आणि तिच्यामागे पदराला धरून फिरत मी वाचायला शिकले. आता अंगणवाडीत सेविका आहे. एस्तेरचे बाबा, म्हणजे माझे यजमान, तिरोड्याला वेल्डिंगच्या कामावर जातात. शाळा लवकर सुटल्यामुळे त्यांचं वाचन अडखळत चालतं. त्यामुळे लग्न झाल्यापासून आमच्या घरची रीतच पडली होती, की संध्याकाळी मी शास्त्रातला एक भाग वाचायचा, लाल फीत त्या पानात ठेवायची आणि त्यांनी प्रश्न विचारायचे. प्रश्न तरी कसले? "नोहानं तारवात सारी जनावरं घेतली, मंग मासोळ्या काऊन नाई घेतल्या?" एस्तेर लहान होती, ती हसून लोळायची. रविवारी उपासनेनंतर ते वैनगंगेवर गळ टाकून बसायचे आणि जे मिळेल ते स्वतः साफ करून, लसूण-मिरची वाटून, अंगणातल्या चुलीवर रस्सा करायचे. एस्तेरची वेणीही तेच घालायचे, माझ्यापेक्षा घट्ट. मला या माणसाबरोबर फार सुख होतं, हे मी तेव्हा कधी मोठ्यानं म्हटलं नाही.

मग गोंदियाहून एक ब्रदर येऊ लागले. उंच, इस्त्रीचे कपडे, भाषण सगळं हिंदीत, आवाज असा की पत्रे थरथरावेत. पाळकसाहेबांची तब्येत बरी नसायची, त्यांनी शनिवारची पुरुषांची सभा या ब्रदरच्या हाती दिली. बायकांना आत जायची परवानगी नव्हती, पण पत्र्याच्या भिंतीतून काय ऐकू येत नाही? "घर का सिर कौन?" ते विचारायचे, आणि आमच्या गावची साधी माणसं ओरडून सांगायची, "हम!" रडणारा पुरुष, बायकोला विचारून चालणारा पुरुष, चुलीजवळ बसणारा पुरुष देवाच्या कामाचा नाही, असं ते शिकवायचे. एका शनिवारी कोणीतरी सांगितलं की एस्तेरचे बाबा मासे रांधतात आणि पोरीची वेणी घालतात. सगळी सभा हसली. सभागृहाला लागूनच आमचं घर, ते हसू मी घरात बसून ऐकलं. त्या दिवशी ते घरी आले आणि चपला काढून तसेच भिंतीकडे तोंड करून निजले.

त्यानंतर घर हळूहळू बदललं. घराचं मस्तक पुरुष, तेव्हा प्रार्थना पुरुषानंच चालवली पाहिजे, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. ते पुस्तक उघडायचे, दोन ओळींत अडकायचे, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मी शब्द सुचवला तर पुस्तक मिटायचं. मग ते मोबाइलवर ब्रदरचं भाषण लावायला लागले आणि आम्ही मायलेकी उभं राहून ते ऐकायला लागलो. पुढे तेही थांबलं. लाल फीत होती तिथेच राहिली. मासे बंद, वेणी बंद. शेजारणीकडे प्रार्थनेला जायचं तर विचारून जायचं. त्यांनी माझ्यावर हात उचलला नाही, हे आधीच सांगते, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात. पण आमच्याच मंडळीतली एक नवी सून, आम्ही तिला धाकटी म्हणायचो, ओठ सुजलेला घेऊन उपासनेला आली, तेव्हा ब्रदरनं तिला आणखी अधीन व्हायला आणि आणखी उपास करायला सांगितलं. पाळकसाहेब खाली बघत राहिले. मीही तिचा हात दाबण्यापलीकडे काही केलं नाही. आणि हा सगळा मर्दपणा करून माझा माणूस तरी कुठे सुखी होता? झोपेत दात खायचा. जेवायला एकटा बसायचा.

याच दिवसांत माझं अंगावरून जाणं वाढलं. पाळी थांबायचं नावच घेईना. मी त्यांना सांगितलं, दवाखान्यात जाऊ. पूर्वी असतं तर त्यांनी लगेच गाडी काढली असती. आता म्हणाले, "ब्रदरले इचारून पाहतो." ब्रदरनं उपास सांगितला. मी उपास केला, कारण मलाही वाटत होतं की आपलंच काही चुकत असेल. असं रोज ऐकलं की माणसाला तसं वाटायला लागतं. एक दिवस अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढता वाढता माझ्या डोळ्यांपुढे काळोख आला आणि मी पातेल्याशेजारीच पडले.

गोंदियाच्या दवाखान्यात मला रक्त चढवलं, मग ऑपरेशन करून गर्भपिशवी काढली. डॉक्टरीणबाई यांना एवढंच म्हणाल्या, की आणखी थोडं थांबला असता तर बाई हाती लागली नसती. एस्तेरला फुलचूरला माझ्या बहिणीकडे ठेवलं. बहीण सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन यायची आणि माझं सगळं करून जायची. हे मात्र खाटेपासून चार हात लांब, खिडकीजवळ उभे राहायचे. कोणी त्यांना तिथं खिळ्यानं ठोकून ठेवलंय असं वाटायचं.

माझ्या शेजारच्या खाटेवर तिरोड्याकडची एक आजी होती, खुब्याचं हाड मोडलेली. तिचं पाहायला तिचा म्हातारा होता. बायकांच्या वॉर्डात एकटा पुरुष, पण त्याला त्याचं काही नव्हतं. आजीला पेज पाजायचा, तोंड पुसायचा, तिचं लुगडं धुऊन गॅलरीत वाळत घालायचा आणि तिच्या विरळ केसांत बोटभर तेल घालून अंबाडा बांधायचा. अंबाडा वाकडा व्हायचा. आजी खेकसायची, "डोई माही आहे, गवताचा भारा नोहे." तो पुन्हा सोडून पुन्हा बांधायचा. मी त्यांच्याकडे बघत पडून राहायचे आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायचं.

एका दुपारी ब्रदर मला भेटायला आले, सोबत सभेतली दोन माणसं. दोन खाटांच्या मधल्या बोळात उभं राहून, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "सिस्टर, बीमारी ऐसे ही नहीं आती. जिस घर में औरत आगे चलती है, वहाँ दुश्मन के लिए दरवाजा खुला रहता है." मी एस्तेरच्या बाबांकडे पाहिलं. ते फरशीकडे बघत होते. त्या क्षणी माझ्या आत काहीतरी तुटलं. मी मनात म्हटलं, प्रभू, हा जर तुझा आवाज असेल तर मला इथंच सोड, मला तुझ्या घरी यायचं नाही. आईच्या पदराला धरून शिकलेली मी, आणि माझ्या मनात हे आलं.

तेवढ्यात शेजारचा म्हातारा आजीचं बेडपॅन दोन्ही हातांत धरून त्या बोळातून निघाला. ब्रदरपाशी येऊन थांबला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "सरका जी थोडेसे. सांडन हे." ब्रदर दचकले. मागं सरकायला जागा नव्हती. बॅग छातीशी धरून ते भिंतीला चिकटले, आणि म्हातारा त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाजवळून भांडं सांभाळत सावकाश गेला. परत आला, साबणानं हात धुतले आणि आजीसाठी भात कालवायला बसला. ब्रदरची प्रार्थना त्या दिवशी फार लवकर आटोपली. वॉर्डात कोणी हसलं नाही. मला मात्र ऑपरेशनचे टाके असूनही हसू आवरावं लागलं.

ते गेले आणि थोड्या वेळानं मलाच भांड्याची गरज पडली. बहीण यायला अवकाश होता, आया दिसेना. मी इकडंतिकडं पाहत होते, ते म्हाताऱ्यानं ओळखलं. तो खिडकीकडे वळून म्हणाला, "दूर काऊन उभा आहेस गा? तुह्याच घरचं माणूस होय ना?"

"मले नाई जमत," एस्तेरचे बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही.

"मले बी नोतं जमत. जनमभर हिनं माह्यं केलं, आता माह्यी पारी आहे." एवढं बोलून त्यानं आजीचं वाळलेलं लुगडं ओढलं, दोन खाटांच्या मधे आडोशाला पसरून धरलं आणि स्वतः तोंड फिरवून उभा राहिला. हात वर करून, म्हातारा माणूस, पाठमोरा. त्या आडोशात माझ्या नवऱ्यानं मला उचललं, सगळं केलं आणि भांडं धुवायला नेलं. बराच वेळ परतले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. म्हातारा म्हणाला, "इतला वेळ कायले लावलास बाप्पा? घासून पालिश केली का?" आणि ते हसले. किती दिवसांनी त्यांचं हसू पाहिलं मी. सुट्टी झाली त्या दिवशी म्हाताऱ्यानं हात जोडून "जयभीम" म्हटलं. एस्तेरच्या बाबांनीही हात जोडले, "जयभीम, बाबा." त्याचं नाव विचारायचं आमच्याकडून राहूनच गेलं.

घरी आल्यावर संध्याकाळी माझी खाट दारापुढच्या छपरीत टाकली होती. एस्तेर पायाशी बसली होती. ते आतून पुस्तक घेऊन आले आणि म्हणाले, "वाचाचं होतं." माझ्यात ते धरायचं बळ नव्हतं. एस्तेरनं हात पुढे केला, तर म्हणाले, "नाई. मी वाचतो. अडलं तं सांगजो." फीत होती तिथे त्यांनी उघडलं. आम्ही कुठे थांबलो होतो, ते मला आठवतही नव्हतं.

ओळीखाली बोट धरून ते वाचू लागले. प्रभू मरणातून उठल्यानंतरची ती सकाळ होती. शिष्य रात्रभर जाळी टाकून दमलेले, आणि प्रभू काठावर त्यांची वाट पाहत होता. कोळशांचा विस्तव केलेला, त्यावर मासे, सोबत भाकर. त्यानं त्यांना जेवायला बोलावलं. एवढंच आहे तिथे. पण ते कोळशांपाशी अडले. पुन्हा वाचलं. मग मान वर करून मला विचारलं, "इस्तो कोनं पेटवला?"

"प्रभूनं."

"मासोळ्या?"

"त्यानंच भाजल्या."

त्यांनी बोट त्या ओळीवरच ठेवलं. "ते सारे तं गडीमानसं होते," ते म्हणाले, "कोनी हासलं नाई त्याले?"

"तसं लिहिलेलं नाही," मी म्हटलं. त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि मुलीसमोर, बायकोसमोर, उघड्या छपरीत माझा माणूस रडला. दुसऱ्या दिवशी एस्तेर काही न बोलता फणी घेऊन त्यांच्यापुढे जाऊन बसली.

त्या पानात फीत मीच ठेवली होती, मग त्यात विशेष काय, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. ज्या भागाची आम्हाला गरज पडणार होती, नेमका तोच वाचायचा राहून गेला होता आणि आमची वाट पाहत होता, यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

पुढच्या शनिवारी सभेत त्यांना साक्ष विचारली. ते उभे राहून म्हणाले, "मी बायकोचं भांडं धुतलं. मले काई झालं नाई. मंग आपुन एवढे भेतो कायले?" ब्रदरनं त्यांना बसवलं. पूर्वी उपासनेत ढोलक तेच वाजवायचे, तेव्हापासून ती त्यांच्याकडे येत नाही, आणि दोन घरं आमच्याशी बोलत नाहीत. सभा अजून चालते. याचं मला दुःख आहे, कारण ती मंडळी माझ्या आईची आहे.

एका रविवारी दिवस कलता धाकटी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. या वेळी गालावर वळ होता. मला वाटलं होतं, एस्तेरचे बाबा आत निघून जातील. ते चुलीपाशी रस्सा ढवळत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पाट मांडला, पहिलं ताट तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "जेव बाई आधी. मंग बोलू." ती जेवता जेवता रडली आणि रडता रडता जेवली. मी तिला त्या दिवशी सांगितलं, जे मला आधीच सांगायला हवं होतं, की मार सोसणं ही प्रभूची आज्ञा नव्हे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तिला तिरोड्याला तिच्या आईकडे पोचवलं.

अधीन होणं या शब्दाची मला भीती वाटायची. आता वाटत नाही. आडोसा धरून पाठमोऱ्या उभ्या राहिलेल्या त्या म्हाताऱ्यात आणि चुलीपाशी वाकलेल्या माझ्या नवऱ्यात मी तो शब्द नव्यानं पाहिला. मी इथंच सोड म्हटल्यावरही ज्यानं मला सोडलं नाही, त्याला मी शरण आहे, आणि त्याचे आभार मानायला मला कोणाची परवानगी लागत नाही. संध्याकाळी आता एक दिवस मी वाचते, एक दिवस ते. ते अडखळतात, आम्ही थांबतो. फीत रोज थोडी पुढे सरकते.