प्रभाताईंचं क्लॅम्प मीटर

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात हॉलतिकिटांवर शिक्के मारत बसले होते. माझा नवरा सुधीर हॉस्पिटलमधून बोलत होता. "वहिनी गेली," एवढंच तो म्हणाला, पण फोन तसाच चालू राहिला. पलीकडे कुठलंसं मशीन टिकटिकत होतं... ते आता दुसऱ्याच कुणाचं तरी असणार. मी शिक्का खाली ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो हा, की आता घरी लाईट गेली तरी चालेल. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. पण ज्या घराने दीड-दोन वर्षं लाईट जाण्याच्या धास्तीत काढली, त्या घरातल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

प्रभाताई माझी थोरली जाऊ. माहेर चिरनेरच्या पुढचं, थोडी भातशेती आणि खाली मिठागर असलेलं. मोठे दीर अकाली गेले, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हा ताई एकट्या पडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आणि त्या पोचवायला साठीच्या घरात असताना स्कूटी शिकल्या. पदर खोचून, हेल्मेटखाली गजरा घालून ही बाई पनवेलभर फिरायची. कुठल्या सोसायटीचा वॉचमन गेट लवकर उघडतो आणि कुठला पेपर वाचत बसून राहतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. नवीन पनवेलमधल्या आमच्या इमारतीत त्या पाचव्या मजल्यावर, आम्ही चौथ्यावर. घरात त्या सापडायच्याच नाहीत. चहाला बोलवायचं तर आधी फोन करून कुठे आहेत ते विचारावं लागायचं.

म्हणूनच फुप्फुसं आखडत जाण्याचा तो आजार त्यांना व्हावा याचा मला फार राग येई. डॉक्टरांनी चोवीस तास ऑक्सिजन सांगितला. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन घरी आलं, त्याची लांब नळी आली, आणि ताईंचं जग त्या नळीच्या लांबीएवढं झालं. पलंगापासून संडासापर्यंत नळी पुरायची. हॉलमधल्या सोफ्यापर्यंत पुरायची. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायची, पण गॅसपाशी जायला सक्त मनाई. गॅलरीचा काचेचा दरवाजा गाठता यायचा, कठडा नाही. दरवाज्यातून समोरच्या इमारतीची पाठ दिसायची... ड्रेनेजचे पाईप, एसीचे खोके आणि कुणाची तरी कायम वाळत घातलेली एकच हिरवी चादर. ताई तिथे खुर्ची टाकून बसत. "मंगल, हे लोक चादर वापरतात कवा?" असं मला विचारत. स्कूटी खाली पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती. ती विकू या का, असं सुधीरने एकदा हळूच विचारलं, तर ताई काचेतून त्या हिरव्या चादरीकडे बघायला लागल्या.

नळीने त्यांना बांधलं होतं आणि लाईटने आम्हा तिघांनाही. लाईट गेली की इन्व्हर्टर चालू व्हायचा, तो थांबला तर कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर होता, पण तो काही अनंतकाळ पुरणारा नव्हता. आम्ही दोघांनी एकाच वेळी घराबाहेर जाणं सोडून दिलं. मग एका दुपारी लाईट गेली आणि इन्व्हर्टर दोन मिनिटं चालून ओरडायला लागला, बंदच पडला. मशीनचा भोंगा मला चौथ्या मजल्यावर ऐकू आला. मी जिने चढून वर पोचले तेव्हा ताई सिलिंडरची चावी फिरवायचा प्रयत्न करत होत्या आणि हातात जोर राहिला नव्हता. ओठ जांभळे झाले होते. चावी मी फिरवली. थोड्या वेळाने त्यांना बोलता आलं, तेव्हा म्हणाल्या, "मशीनच्या भोंग्यानं घाबरले नाय. पन तो बंद झाल्यावर भ्या वाटलं."

दुसऱ्या दिवशी मुश्ताकभाई आले. आमच्या भागातले जुने वायरमन, पनवेलमध्येच वाढलेले. त्यांनी बॅगेतून खेकड्याच्या नांगीसारखं तोंड असलेलं एक क्लॅम्प मीटर काढलं. इन्व्हर्टरच्या बोर्डातली एक वायर त्या नांगीत धरली आणि आकडा उमटला. वायर तोडली नाही, सोलली नाही, नुसती भोवतीने धरली. ताई खुर्चीतून पुढे झुकून बघत होत्या. इतक्या दिवसांत कशाकडेही त्यांनी असं बघितलं नव्हतं. भानगड लगेच कळली. फ्रीज आणि मिक्सरचा प्लग इन्व्हर्टरच्याच लाईनवर होता. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना मोठा झटका घेई, तो इन्व्हर्टरला पेलला नव्हता; मिक्सर लागला असता तर आणखी लवकर बंद पडला असता. मुश्ताकभाईंनी ते दोन्ही प्लग वेगळे केले. ते निघाले तेव्हा ताईंनी त्यांना थांबवलं.

"भाई, असं मीटर मला पाह्यजे. साधंसं. कोनचं घ्यायचं?"

"ताई, तुम्हाला काय करायचंय त्याचं?"

"माझ्या श्वासाला किती करंट लागतो ते मला कळायला नको?"

मुश्ताकभाई हसले नाहीत. बॅग खाली ठेवून बसले आणि नीट सांगितलं. घरच्या कामाला स्वस्तातलं चालेल, पण अगदी रस्त्यावरचं नको. वायरी लावायच्या भोकांपाशी कॅट थ्री, सहाशे व्होल्ट अशी सुरक्षेची खूण छापलेली बघून घ्या, आणि छापलंय म्हणून कुठल्याही नाव नसलेल्या कंपनीवर भरवसा ठेवू नका. इन्व्हर्टरचा करंट मेनसारखा साफ नसतो, म्हणून ट्रू आरएमएस लिहिलेलं घ्या, नाहीतर आकडा फसवतो. स्वस्तातली बरीच मीटरं नांगीने फक्त घरच्या लाईनीचा एसी करंट मोजतात, बॅटरीकडचा डीसी मोजत नाहीत, तेव्हा मागाहून तक्रार नको. आणि शेवटी म्हणाले, "ताई, एक बात मात्र पक्की. मीटर तुमचं, पण हात लावायचा मंगलताईंनी. तुमच्या नाकाशी ऑक्सिजन आहे. प्लग काढता-घालता ठिणगी उडते. तुम्ही लांब बसून इत्मिनानाने आकडा वाचायचा."

ताईंचा चेहरा उतरला. एवढ्या दिवसांनी काहीतरी हातात घ्यावंसं वाटलं होतं, आणि तेही नळीने अडवलं.

मीटर आलं. पिवळं आणि काळं, हातात मावेल एवढं. पहिल्या दिवशी मी मशीनची अख्खी कॉर्ड नांगीत धरली आणि आकडा आला शून्य. पुन्हा धरली, पुन्हा शून्य. ताई सोफ्यावरून म्हणाल्या, "म्हंजे मशीन बंद हाय? मग मी जगते कशावर?" मुश्ताकभाईंना फोन केला. जाणारी आणि येणारी वायर एकत्र धरली की दोघींचं एकमेकींत फिटून जातं, एकच धरायची, असं ते म्हणाले. पण कॉर्ड ब्लेडने सोलायची नाही, अशी तंबीही दिली. संध्याकाळी ते एक छोटी एक्स्टेन्शन बनवून घेऊन आले. वरचं जाड आवरण मधे थोडं उघडलेलं, आतल्या वायरींची आवरणं शाबूत आणि त्यातली एक सुटी काढून कमानीसारखी ठेवलेली. मी त्या कमानीला नांगी लावायची, ती पूर्ण मिटली की नाही बघायचं, होल्डचं बटण दाबायचं आणि थांबलेला आकडा घेऊन ताईंकडे जायचं. दीड अ‍ॅम्पियर. ताईंनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाल्या, "एवढंच? मिक्सरपेक्षा कमी. मी तुमच्यावर काय लय भार नाय."

हे त्या गमतीने म्हणाल्या, पण मला स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उभं राहावं लागलं.

मग आम्हाला चाळाच लागला. फ्रीज मोजला, टीव्ही मोजला. कोरडे हात, पायात रबरी चपला, मीटरची डायल आधी फिरवायची आणि वायर नंतर धरायची, बोर्ड उघडायचा नाही... हे ताई सोफ्यावरून बजावत राहायच्या. बॅटरीवर मशीन किती वेळ चालतं ते आम्ही सुधीर घरी असताना, भरलेला सिलिंडर शेजारी ठेवून, एकदा पाहिलं. आमच्या समजापेक्षा बराच जास्त वेळ चाललं. त्या रविवारी सुधीर आणि मी कितीतरी महिन्यांनी मिळून भाजी आणायला गेलो.

या सगळ्यामागे ताईंच्या मनात काय होतं, ते मला नंतर कळलं. त्यांना माहेरी जायचं होतं. एक-दोन दिवस राहायला. धाकट्या भावाला, पांडुरंगभाऊंना, त्यांनी फोनवर सांगून ठेवलं होतं. गाडीत सिलिंडर न्यायचा, तिथे मशीन लावायचं. डॉक्टर कुरकुरत का होईना, तयार झाले होते. "पन त्या घरातली लाईट कशी हाय, ते आधी बघून ये," ताई मला म्हणाल्या. "तोंडी सांगू नको. आकडा आन."

व्होल्टेज नांगीने मोजत नाहीत, त्याला मीटरच्या दोन सळया लागतात. बोटं सळईवरच्या प्लॅस्टिकच्या कडेमागे ठेवायची, सुरुवात ज्या प्लगमध्ये लाईट आहे याची खात्री आहे तिथे करायची, हे मुश्ताकभाईंनी माझ्याकडून घोटवून घेतलं. ताईंची मुलगी नाशिकहून आली होती, त्या शनिवारी सुधीर आणि मी चिरनेरच्या बाजूला गेलो. पांडुरंगभाऊंनी ताईंसाठी मागची खोली रिकामी केली होती, खाट खिडकीपाशी ओढली होती. दुपारी आकडा चांगला आला, दोनशे वीसच्या वर. ताईंना ते बाय म्हणत. भाऊ म्हणाले, "बघा, हाय ना? आमचा टीवी चालतो, फ्रीज चालतो. बायला काय त्रास नाय व्हायचा." मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबते. दिवेलागणीला गावात पाण्याचे पंप सुरू झाले आणि आकडा घसरत घसरत एकशे बासष्टवर आला. ताईंचं मशीन त्यावर चालणार नव्हतं. भाऊ मीटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमचं मीटर बिघडलेलं असंल." मी खोलीतला दिवा लावला. त्याकडे बघून तेच म्हणाले, "नाय. बल्ब पन मंदच लागतो रोज. आमाला सवय झालीय."

परतेपर्यंत मीटर आपोआप बंद झालं असतं, म्हणून सुधीरने फोटो काढला होता. ताईंनी मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. मला वाटलं आकडा बघतायत. पण त्या बघत होत्या आकड्याच्या मागे.

"भिंत निळीच ठेवलीय," त्या म्हणाल्या. आणि मग, "ही खिडकी... हिच्यातनं मिठागर दिसतं."

जाणं रद्द झालं. भाऊंनी वीज कंपनीकडे नवीन जाड वायर आणि खांबासाठी अर्ज केला. आज येतो, उद्या येतो असं चालू झालं. ताईंनी मीटर तिकडेच पाठवून दिलं. "इथलं काम झालंय त्याचं. पांडूला शिकवून ये, आन रोज संध्याकाळी फोटो पाठवायला सांग." भाऊ शिकले. ते दोन्ही सळया धरायचे, त्यांची बायको फोटो काढायची. मीटर खिडकीच्या कट्ट्यावर उभं, मागे खिडकी. एकशे साठ, एकशे सत्तर, एकशे अठ्ठावन्न. आकडा कधी सुधारला नाही. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताईंनी फोन करून सांगितलं, "उद्या फोटोच्या टायमाला खिडकीत यमुनेला उभी कर." यमुना म्हणजे त्यांची लहानपणची मैत्रीण. दुसऱ्या दिवशी एकशे पासष्टच्या मागे गजांबाहेर एक म्हातारी हसत उभी. मग गाव उभं राहायला लागलं. चुलते, भाचे, शेजारची गाय, पाहुणे आलेलं कुणाचं तरी तान्हं बाळ. एकदा कुणीच नव्हतं, नुसतं मिठागराचं पाणी चकाकत होतं, तो फोटो त्यांनी दिवसभर बघितला. दार लावलेल्या त्या घरात, हिरव्या चादरीसमोर बसून ताई रोज संध्याकाळी त्या खिडकीची वाट बघायच्या. आणि तरीही दर वेळी आधी आकडा वाचायच्या. पाचने जरी वाढला तरी म्हणायच्या, "येतंय, येतंय."

पुढे मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजनही पुरेना. हॉस्पिटलमध्ये नेताना लिफ्टमध्ये त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. कितीतरी महिन्यांनी त्या घराबाहेर पडत होत्या, आणि पार्किंगमधून स्ट्रेचर जाताना त्यांनी मान वळवून स्कूटीकडे बघितलं. परत आल्या नाहीत.

चिरनेरकडची नवीन वायर त्यानंतर आली. वर्षश्राद्धाला अजून वेळ आहे, पण पांडुरंगभाऊंनी मुद्दाम फोन करून बोलावलं. "मंगलताई, एकदा येऊन बघा. बायचं काम होतं, तुमीच बघायला पाह्यजे." आम्ही संध्याकाळी पोचलो. मागची खोली तशीच होती. खाटेवर धुतलेली चादर, भिंतीत नवीन बोर्ड. गावातले पंप चालू झाले. भाऊंनी कोरड्या फडक्याला हात पुसले, डायल फिरवली, सळया लावल्या. दोनशे अठ्ठावीस. आकडा हलला नाही. मग त्यांच्या बायकोने सवयीने मोबाइल काढला आणि खिडकीकडे बघितलं. खिडकी रिकामी होती.

मी चपला घालून मागच्या अंगणात गेले आणि गजांपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी फोटो काढला. कुणाला पाठवायचा, ते कुणीच विचारलं नाही.