उमरखेडच्या लाइनीत धरलेला नंबर

या सदरातले भुताटकीचे अनुभव मी कित्येक वर्षं हातात पेन्सिल घेऊन वाचत आलोय. अमावस्या आली की एक खूण. टॉर्चचे सेल नेमके त्याच दिवशी संपले की एक खूण. 'ती बाई तर पाच वर्षांपूर्वीच वारली होती' आलं की दोन खुणा. दारव्ह्याच्या वाचनालयात नोकरी, पुस्तकं हाताशी, त्यामुळे हा नाद परवडला. आज मीच लिहायला बसलोय, तेव्हा पेन्सिल तुमच्या हाती. फक्त एवढं लक्षात ठेवा की रात्र नव्हती... भर दुपारचे बारा वाजले होते.

कापसाचे ते वाईट दिवस. आमच्या जिल्ह्यात तेव्हा दर आठवड्याला एखादं पाहणी पथक यायचं. पंधरा गाड्या, एक बांध, एक फोटो. माझा मित्र प्रकाश डी.एड. होऊन तीन वर्षं घरीच होता. त्याला कोकणातल्या समुद्रकाठच्या एका तालुक्यात शिक्षणसेवकाची ऑर्डर आली. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला. आमचा तिसरा मित्र विलास म्हणाला, "एस.टी.नं कायले जातं बे? मोटारसायकलीनं जाऊ. किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरू." तिघांपैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता.

शनिवारी सकाळी सहाला बोरी अरबहून निघायचं होतं, निघालो साडेसातला; दोन मोटारसायकली, प्रकाश माझ्या मागं. विलासच्या काकांना निवडणुकीला उभं राहायचं होतं, म्हणून त्यांनी 'बोरी अरब ते अरबी समुद्र' असा फलक लावून, आम्हाला हार घालून भाषण केलं. वास्को-द-गामाला एवढं ऐकावं लागलं असतं तर तो घरीच राहिला असता. प्रकाशचे वडील एवढंच म्हणाले, "जय भीम. हळू जाजा."

दारव्हा, दिग्रस, पुसद... बाराच्या सुमारास उमरखेड ओलांडलं. तिथून आठ-दहा किलोमीटरवर पैनगंगेचा पूल, तिथं आमचा जिल्हा संपतो. गावाबाहेर जिनिंगसमोर, म्हणजे कापूस घेऊन सरकी काढणाऱ्या कारखान्यासमोर, कापसाच्या बैलगाड्यांची लाइन लागली होती, दीड-दोन किलोमीटर तरी असेल. विलासची गाडी तापली म्हणून थांबलो.

लाइनीतला एक म्हातारा प्रकाशजवळ आला. डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात शिंगं निळी रंगवलेल्या बैलाचा कासरा. "राजा, माहा नंबर धरतं का? घोटभर चहा घेऊन येतो."

"धरतो ना बाबा. जा तुमी," प्रकाश म्हणाला आणि कासरा हातात घेतला.

ज्यांनी ती लाइन पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन-दोन, तीन-तीन दिवस माणसं तिथं असायची. गाडी सोडून कुठं जायचं तर कुणाला तरी 'नंबर धर' म्हणायचं. लाइन हलली की त्यानं तुमचे बैल जुंपायचे, गाडी पुढं घ्यायची. जागा रिकामी राहिली तर मागचा शिरतो. म्हणून हो म्हणणारा माणूस जागचा हलत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात.

पाऊण तास झाला, म्हातारा येईना. विलास वैतागला. "अबे, तुले नोकरीवर जायचं हाय का कापूस विकाले?" शेवटी प्रकाशनं मागच्या गाडीवाल्या काकांना 'लक्ष ठेवजा' सांगितलं, कासरा जुवाला बांधला आणि माझ्या मागं बसला. त्याचं मन नव्हतं, हे मला पाठीमागूनही कळत होतं.

सरळ रस्ता. दोन्हीकडे तूर. दहा-बारा मिनिटं गेली असतील, समोर बैलगाड्या दिसल्या. मला वाटलं, दुसऱ्या जिनिंगची लाइन. मग तोच निळ्या शिंगाचा बैल दिसला, जुवाला बांधलेला कासरा दिसला... आणि मागच्या गाडीवरून काका म्हणाले, "आलात का? बरं झालं, लाइन हलून राह्यली."

"रस्ता चुकलो," विलास म्हणाला.

"सरळ रस्त्यावर कोणत्या बाजूनं चुकतात?" मी म्हणालो, पण माझा आवाज मलाच आवडला नाही.

दुसऱ्यांदा मी किलोमीटरचा आकडा वहीत लिहून निघालो. नऊ किलोमीटर भरले आणि पुन्हा तोच बैल. आलो ते उमरखेडच्या बाजूनं. कुठंही वळलो नव्हतो. विलास माझ्या मागोमाग होता. तोही तेच सांगतो.

तिसऱ्यांदा प्रकाशला तिथंच ठेवून मी आणि विलास गेलो. पूल आला. ओलांडला, पलीकडच्या टपरीवर पाणी प्यालो, परत आलो. काहीही अडचण नाही. मग प्रकाशला पुलापलीकडच्या हदगावच्या एस.टी.त बसवलं. तासाभरानं तो लाइनीच्या शेपटाकडून बॅग घेऊन चालत आला.

"झोपलो नाही बे मी. खिडकीतून पाहत होतो. स्टँड आलं, तं उमरखेडचंच. कंडक्टर मलेच म्हणे, गाडी उमरखेडचीच होती."

त्यानंतर प्रकाशनं जाण्याचं नाव काढलं नाही. बैल जुंपले, गाडी हातभर पुढं घेतली, बैल सोडले. मी त्याला सोमवारची आठवण करून दिली. सातशे किलोमीटर आहेत म्हणालो.

"मी धरतो म्हणलं ना त्याले," तो म्हणाला. "मागं नेरच्या लाइनीत माह्या बापाले ताप आलता. तिथंच पडला. कोण्या माणसानं एक दिवस न् एक रात्र त्याची गाडी पुढं घेतली. बाप शुद्धीवर आला तं माणूस गेलता. नाव बी नाही मालूम. अन् मी पाऊण तासात पळालो."

मी काकांना म्हाताऱ्याबद्दल विचारलं. माझ्या पेन्सिलीला एका विशिष्ट उत्तराची अपेक्षा होती. "थो बुढा ना? इकडचाच हाय कुठला. येईन. तुमी नंबर धरला ना? मंग काहून परेशान होता?" त्यांना यात वावगं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी आम्हाला भाकरी दिली, ठेचा दिला आणि रात्रभर घोरले. आम्ही तिघंही जागेच होतो. दोन किलोमीटरवर गावाचे दिवे दिसत होते, खिशात ऑर्डर होती, टाकीत पेट्रोल होतं, आणि आमच्यातल्या एकाला त्या रस्त्यानं बाहेर जाता येत नव्हतं.

रविवारी दहाला आमची गाडी फाटकापाशी लागली. पुढची आत गेली, आता आपली... आणि दुपट्टेवाला म्हातारा बाजूला येऊन उभा राहिला. हातात काचेचा ग्लास. "लय वेळ नाही ना लागला राजा? तुह्यासाठी बी आणला."

ग्लासातून वाफ येत होती. मी स्वतः हात लावून पाहिला, बोट भाजलं.

विलास तोंड उघडणार होता, पण प्रकाशनं चहा पिऊन ग्लास परत दिला. "नाही बाबा. वेळ कायचा?" म्हाताऱ्यानं कासरा घेतला आणि गाडी आत नेली. अकराला आम्ही पैनगंगा ओलांडली. तिघंही.

पुढचे तीस तास आलटून पालटून चालवत गेलो. कोकणातल्या त्या कचेरीत पोचलो तेव्हा सोमवारचे पाच चाळीस झाले होते. प्रकाश पायरीवरच बसला. मीच त्याला दंडाला धरून आत नेलं.

आत एक बारीकसे कारकून कुलूप हातात घेऊन उभे होते. "यवतमाळचे ना?" त्यांनी हजेरी रजिस्टर पुढं केलं. एक ओळ कोरी होती. "तुमच्या जागेसाठी यादीतला पुढचा माणूस पाचपासून बसला होता. त्याला म्हटलं, जा, जरा चहा घेऊन ये. सही करा लवकर."

प्रकाशनं कोऱ्या ओळीवर सही केली.

"तुमच्या आजोबांनी शनिवारी फोन केला नसता, तर मी काही थांबलो नसतो हो," कारकून म्हणाले.

"कोणत्या आजोबांनी?"

"दुपारी साडेबारा-पाऊणला. आधी बोलणंच कळेना. माह्यापायी पोराले उशीर होऊन राह्यला, त्याचा नंबर धरा, असं काहीतरी. मी म्हटलं, आजोबा, इथं लाइन नसते, यादी असते. तर म्हणाले, एकच आहे."

प्रकाशचे दोन्ही आजोबा केव्हाच वारलेले. वडिलांना आमच्या अडकण्याचा पत्ता नव्हता. म्हाताऱ्याला प्रकाशनं ना नाव सांगितलं होतं, ना गाव, ना कचेरी; ऑर्डर बॅगेच्या तळाशी होती. परतताना मी जिनिंगसमोरच्या चहावाल्याकडे चौकशी केली. फोन? इथं? त्यासाठी उमरखेडातच जावं लागतं. म्हातारा त्यालाही ठाऊक होता. येतो अधूनमधून, म्हणाला. आणि हो, जिवंत आहे, तेव्हा दोन खुणांची घाई नको.

मंगळवारी आम्ही किनाऱ्याच्या रस्त्यानं फिरलो. वळणावळणाचा रस्ता. प्रत्येक वळण आलं की मागं बसलेल्या प्रकाशची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. पलीकडे काय उभं असेल, याची मलाही खात्री नव्हती. दर वेळी समुद्रच निघाला.

प्रकाश आजही तिथंच शिकवतो. यातल्या कशाचाही उलगडा मला झालेला नाही, आणि वाचनालयातल्या एकाही पुस्तकानं मदत केलेली नाही. खरं सांगायचं तर आता त्या म्हाताऱ्यापेक्षा मला दुसऱ्याच माणसाची आठवण जास्त येते. चहा घेऊन परत आला असेल, कचेरीला कुलूप पाहिलं असेल. तो कुठल्या गावाहून आला होता, हे आम्ही कुणीच विचारलं नाही.