झारीची जागा

शाळेत तिला ड्रॉइंगबाई म्हणत. निवृत्त झाल्यावर ते नाव तिच्या मागोमाग घरापर्यंत आलं. औषधाच्या दुकानातला माणूस तेच म्हणायचा, खालच्या मजल्यावरची मुलंही तेच म्हणायची. वहिनी तिला एरवी 'वन्सं' म्हणे, पण वैतागली की म्हणायची, "ड्रॉइंगबाई, दार लावून घ्या. आमटीला टर्पेंटाइनचा वास येतोय."

ती भावाच्या घरात राहायची. लग्न झालं नव्हतं. आधी वडील अंथरुणावर होते, मग आई. मागची खोली तिची. खिडकी उत्तरेकडे, त्यामुळे ऊन कधी आत यायचं नाही, उजेड मात्र दिवसभर एकसारखा असायचा. खिडकीला तीन उभे गज होते. खिडकीजवळ एक टेबल, त्यावर गडद हिरवं कापड आणि त्या कापडावर ती आयुष्यभर एकच गोष्ट मांडत आली: फुलं, फळं आणि आईची चांदीची झारी.

"एकदा माझं चित्र काढ की," दादा म्हणायचा. "फळांपेक्षा वाईट आहे का मी?"

"तू हलतोस."

"आणि फुलं काय पुतळ्यासारखी बसतात?"

"म्हणून तर ती आधी काढते."

हा तिचा नियमच होता आणि शाळेतल्या मुलांच्या डोक्यातही तिने तो पक्का बसवला होता. जे आधी जाणार, ते आधी रंगवायचं. म्हणजे पहिली फुलं, कारण दुपारपर्यंत त्यांच्या माना कलायला लागतात. मग द्राक्षं, मग नासपती, मग संत्रं. त्यानंतर कापडाच्या चुण्या. चांदी सगळ्यात शेवटी. चांदी कुठे जात नाही, ती वाट बघते.

नियम चांगला होता, पण त्याची किंमत झारीनेच मोजली. शाळा चालू होती तेव्हा तिच्या हातात फक्त रविवार असायचे. ते फुलाफळांत संपायचे आणि झारीच्या वाट्याला उरलेला वेळ यायचा, तोही आई आतून हाका मारत असताना. घराच्या भिंतींवर, शाळेच्या ऑफिसात, भाचरांच्या घरी तिची जी चित्रं होती त्या सगळ्यांत झारी होती. लोकांना ती छानच वाटायची. ड्रॉइंगबाईंना मात्र त्या सगळ्या झाऱ्या घाईच्या वाटायच्या. कुठे पांढऱ्याचे दोन फटकारे मारून वेळ निभावलेली, कुठे पोट नुसतंच करडं सारवलेलं.

चांदीला स्वतःचा रंग नसतो हे तिने मुलांना कितीदा सांगितलं असेल. जे शेजारी आहे ते चांदी होते. झारीच्या फुगीर पोटात हिरवं कापड असायचं, संत्र्याचा लांबट डाग असायचा, खिडकी असायची आणि खिडकीसमोर स्टुलावर बसलेली एक बोटाएवढी बाई. पोटावर एक पोचा होता. लहानपणी तिघा भावंडांपैकी कुणीतरी झारी जिन्यावरून सोडली होती. कुणी, यावर ते अजून भांडत. त्या पोच्यापाशी खिडकीचा मधला गज तुटल्यासारखा बाजूला सरकायचा. तो सरकलेला गज एकदा तरी नीट रंगवायचा, एवढंच तिला हवं होतं. तिने हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादा म्हणाला असता, गज रंगवायचाय तर हा खिडकीचाच रंगव, गंजलाय.

आई गेल्यावर धाकटा भाऊ आला, बायकोशिवाय. वाटून घ्यायला फार काही नव्हतंच. भांडी वहिनीकडे राहिली, साड्या ज्यांना हव्या त्यांनी नेल्या. राहिली झारी. ती जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवून तिघं भोवती बसले. वहिनी ओट्यापाशी पाठ करून उभी होती, पण तिचे कान इकडेच होते.

"एक वस्तू आणि आपण तिघं," धाकटा म्हणाला. "ती कुणी एकाने घ्यावी असं म्हणणं बरं नाही. दादाने घेतली तर माझ्याकडे बोलणं होणार, मी घेतली तर इथे होणार."

"माझ्याकडे कुणी काही बोलणार नाही," वहिनी ओट्याकडून म्हणाली.

"तसं नाही वहिनी. मी आपलं सरळ सांगतो. वितळवू, तीन सारखे तुकडे करू. कुणाचं मन दुखायला नको."

दादाने मान डोलवली. त्याला भांडणापेक्षा काहीही चालायचं. मग दोघंही तिच्याकडे बघायला लागले.

मला हवी आहे, असं तिने म्हटलं असतं तर कदाचित मिळालीही असती. पण हे वाक्य तिच्या तोंडाला सवयीचं नव्हतं. ती म्हणाली, "मला एक चित्र काढू द्या. ते झालं की न्या."

"एकच ना?" धाकटा हसला. "काढ की ताई. चित्र होईपर्यंत हात लावणार नाही कुणी."

रात्री भांडी पुसताना वहिनी तिला म्हणाली, "मागायची होतीत."

"ते देत होते का?"

"न मागता कोण देतं वन्सं? मला या घरात न मागता फक्त धुणं मिळालं."

ड्रॉइंगबाईंनी नवा कॅनव्हास ताणून घेतला, पांढऱ्या रंगाची चांगल्यातली मोठी ट्यूब आणली. आता शाळा नव्हती आणि आतून हाक मारणारी आईही नव्हती. पहिल्यांदाच तिच्यापुढे पूर्ण आठवडे होते. तिने मांडणी करायला दोन दिवस घेतले. झारी उजवीकडे, जरा मागे. तिच्या डाव्या कडेला नासपती, इतकी जवळ की झारीवरून परतलेला थंड उजेड फळाच्या सावलीतल्या अंगावर पडावा. डावीकडे डेलियाची फुलं, खाली द्राक्षं आणि सोललेलं अर्धं संत्रं.

मग तिने बारीक ब्रशने झारीची बाह्यरेषा आखली आणि आतली जागा तशीच कोरी ठेवली. कॅनव्हासचं पांढरं अस्तर तिथे उघडं राहिलं. आणि आयुष्यभर जसं केलं तसं तिने फुलांपासून सुरू केलं.

यावेळी आधी जाणार होती ती झारी. हे तिला माहीत होतं, कारण टेबलाशी बसून तिनेच ते कबूल केलं होतं. पण हाताला ते कळलं नाही. हात डेलियाकडे गेला.

काम सुरेख होत होतं. घाई नसल्यामुळे पाकळीला पाकळी लागत होती. द्राक्षांवरची पांढुरकी साय तिला पहिल्यांदाच मनासारखी जमली. नासपतीवरचा तो थंड उजेड तिने निळसर पांढऱ्याने हलकेच लावला, फळाच्या खालच्या कडेला, नखाएवढा. त्या एका जागेवर तिची एक अख्खी सकाळ गेली. मागे सरकून पाहिलं तेव्हा ती स्वतःशीच हसली. झारी अजून रंगवलेली नव्हती, पण ती तिथे आहे हे नासपतीला कळलं होतं.

एकच डेलिया अर्धा राहिला होता आणि तो सुकला. त्याच रंगाचा दुसरा मिळावा म्हणून ती सकाळी फुलबाजारात गेली. तिथे होती ती सगळी गडद. मग स्टेशनमागच्या रोपवाटिकेत गेली. परत आली तेव्हा हातात ओल्या कागदात गुंडाळलेलं एकच फूल होतं आणि जेवणाची वेळ टळून गेली होती.

टेबलावर झारी नव्हती. हिरव्या कापडावर तिच्या बुडाचा गोल वळ तेवढा होता.

दादा हॉलमध्ये पेपर वाचत होता. तिला पाहून खूश झाला. "धाकटा येऊन गेला ग. कामासाठी आला होता, अर्धाच दिवस. म्हटलं, आलाच आहे तर सोनाराकडचं उरकून टाकू. पुन्हा कधी येतो आणि कधी नाही."

"झारी कुठंय?"

"तेच सांगतोय. दिली."

"चित्र व्हायचं होतं दादा."

"झालंय की." दादाने पेपर खाली ठेवला. "मी आत जाऊन बघितलं. उगाच नेली नाही. फुलं झाली, फळं झाली, झारीही झाली. मी धाकट्याला दाखवली. म्हटलं, काय हात आहे बघ, अगदी पांढरीशुभ्र चांदी. तोही म्हणाला, या वेळी ताईने झारी एकदम मस्त काढलीय."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. "मी दळण आणायला गेले होते," ती म्हणाली. "असते तर नेऊ दिली नसती."

"का, काय झालं?" दादा एकीकडून दुसरीकडे पाहत राहिला.

"ती कोरी जागा होती," ड्रॉइंगबाई म्हणाल्या.

"कोरी म्हणजे?"

"काही काढलं नव्हतं तिथे. नुसता कॅनव्हास होता."

दादाचा चेहरा हळूहळू पडत गेला. "पण पांढरं होतं ग," तो म्हणाला. "चांदी पांढरीच असते ना?"

"वितळवली?"

"आमच्या डोळ्यांदेखत." मग काहीतरी करायला हवं म्हणून त्याने खिशात हात घातला आणि तिच्या तळहातावर एक कागदाची पुडी ठेवली. "हा तुझा वाटा."

आत एक चपटी वडी होती, साबणाच्या उरलेल्या तुकड्याएवढी. दादाच्या खिशात राहून ती कोमट झाली होती. तिच्यात काहीच दिसत नव्हतं, खिडकी नाही की माणूस नाही. ती नुसती मळकट पांढरी होती.

त्यानंतर सगळ्यांनी तिला मदत केली. घरात कुणी वाईट नव्हतंच.

"आठवून काढ," दादा म्हणाला. "जन्मभर तीच काढत आलीस. डोळे मिटून येईल." तिने आठवून काढली. झारी आली, सुबक आली, कुणीही झारीच म्हटलं असतं. पण ती भिंतीवरच्या जुन्या चित्रांमधली झारी होती, घाईची. पोच्यापाशी गज किती सरकतो, डावीकडे की उजवीकडे, हे हाताला सांगताच येईना. इतकी वर्षं समोर होती म्हणून तिने ते कधी पाठ केलं नव्हतं. टर्पेंटाइनच्या फडक्याने तिने सगळं पुसून टाकलं.

वहिनीने स्टीलचा जग घासून आणून ठेवला. स्टीलमध्ये उजेड सुरीसारखा पडत होता. तेही पुसलं.

"फाटकाला लावायचा चंदेरी रंग आहे," वहिनी चाचरत म्हणाली. "अर्धा डबा उरलाय. चालतो का तो?"

ड्रॉइंगबाईंना हसू आलं. आलं आणि मग ते थांबेना, इतकं की वहिनीने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं.

धाकट्याचा फोन आला. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं ग. तू माझा तुकडापण घे."

"दोन तुकड्यांचं काय करू?"

"तसं नाही. मला फार वाईट वाटतंय."

"वाटू दे," ती म्हणाली. आणि मग, "जेवलास का?"

कोरी जागा तिला रोज सकाळी दिसायची. उठल्याबरोबर तिची नजर तिथेच जायची. शेवटी एका दुपारी तिने हिरवा रंग कालवला, त्यात थोडं काळं घातलं आणि झारीच्या जागेवर कापड ओढून घेतलं. वरती मागच्या भिंतीचा तपकिरी रंग पुढे सरकवला. तासाभरात झारी कधी नव्हतीच असं झालं. फुलं आणि फळं डावीकडे दाटीने बसली होती आणि उजवीकडे नुसतं कापड होतं.

दादाने स्वतः जाऊन फ्रेम करून आणली आणि हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावली. ते त्याचं माफी मागणं होतं. घरी येणाऱ्याला तो आधी चित्रापुढे उभं करी. एकदा त्याचा ऑफिसातला जुना मित्र आला. तो बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिला.

"छान आहे. पण सगळं एकीकडेच का?"

"मॉडर्न आहे ते," दादा म्हणाला.

"असेल. आणि या नासपतीला खालून उजेड कुठला येतोय हो? आत दिवा लावल्यासारखी दिसतेय."

दादाने बहिणीकडे पाहिलं. ती सरबताचे पेले गोळा करत होती.

"चुकलंय ते," ती म्हणाली. "राहून गेलं."

पाहुणा गेल्यावर तिने चित्र उतरवून खोलीत नेलं. वहिनी मागोमाग आली आणि दारात उभी राहिली. ड्रॉइंगबाईंनी ट्यूब पिळून बशीत बोंडाएवढा तपकिरी रंग काढला, त्यात हिरवा मिसळला.

"असू द्या ना वन्सं," वहिनी म्हणाली. "तेवढं राहू द्या."

"कशावरून पडलाय तो उजेड, सांगा?"



निळसर पांढरा केव्हाच वाळून घट्ट झाला होता. त्यावर नवा रंग एका हातात बसला. ब्रशचे चार-पाच हलके स्पर्श, आणि नासपतीचं ते अंग सावलीत गेलं, इतर फळांच्या अंगासारखं. तिने मागे सरकून पाहिलं. आता चित्रात काही चुकलेलं नव्हतं. तिने ब्रश फडक्याला पुसला, ट्यूबचं झाकण घट्ट लावलं आणि दादाला हाक मारून सांगितलं, चित्र ओलं आहे, लावताना हात लागू देऊ नकोस.